वजाबाकीच्या खुर्च्या

रावियाबाई सकाळी शाळेच्या फाटकातून आत आल्या आणि जिथल्या तिथे थांबल्या. आदल्या दिवशी उकिडवं बसून त्यांनी पटांगणात खडूने आखलेले सगळे आकडे गटाराच्या पाण्याखाली गेले होते. शेवटचा वीस तेवढा जिन्याच्या पायरीला टेकलेला होता म्हणून अर्धामुर्धा दिसत होता.

झिफ्ता गावातल्या त्या शाळेत गटार तुंबणं ही काही बातमी नव्हती. पण आज तपासनीस यायचे होते, आणि फक्त रावियाबाईंचा तास बघायला यायचे होते. सात वर्षं त्या हंगामी होत्या. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि दर शरदात कुणाच्या तरी मेहेरबानीने परत सुरू व्हायची. वरून हुकूम आला होता की यंदा हंगामी लोकांपैकी जे मुलांना 'हालचालीतून गणित' शिकवू शकतील तेवढे ठेवायचे, बाकीच्यांना नारळ. नारळ मिळाला तर आईला घेऊन महल्ला शहरात भावाकडे जाणं आलं. भाऊ देवमाणूस होता, पण भावजय रोट्या मोजून वाढायची आणि मोजताना ओठ हलवायची.

गंमत अशी की शाळेत या हुकमावर मनापासून विश्वास असलेलं माणूस एकच होतं, ते म्हणजे रावियाबाई. हेडसर लुत्फींचं मत वेगळं होतं. "बसून डोक्यात शिरत नाही ते उड्या मारून शिरेल होय? उड्या मारून माकड शहाणं झालं असतं." पण बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सातात पाच मिळवताना ज्या पोरांना घाम फुटायचा, ती सातवर उभी राहून पाच उड्या मारत, पायाखाली बारा बघत आणि असं हसत, जणू तो आकडा त्यांनीच पुरून ठेवला होता. वजाबाकीला खुर्च्यांचा खेळ होता. जेवढे वजा, तेवढ्यांनी खुर्ची सोडायची आणि भिंतीला पाठ लावून, हात बांधून, मान खाली घालून गप उभं राहायचं. हा गप राहण्याचा नियम नंतर आला. आधी वजा झालेली पोरं थेट कोपऱ्यावर च्युइंगम आणायला पळत.

आता पटांगण गेलं. वर्गातले बाक जमिनीला खिळलेले. उरली शाळेला लागून असलेली गल्ली. आणि खुर्च्या? पटांगणातल्या होत्या त्याही पाण्यात.

"खुर्च्या ना? हाजी देसूकी कशासाठी बसलाय?" समोरच्या गाडीवर उकडलेले पावटे विकणारी उम्म रिदा म्हणाली. "तुमच्या भिंतीला भिंत लावून अख्खं गोदाम आहे त्याचं."

हाजी देसूकी हा गावातला मंडपवाला. लग्न असो, मयत असो, कापड आणि खुर्ची त्याचीच. म्हणून तो कुणाच्या सुखाने हुरळत नसे आणि कुणाच्या दुःखाने खचत नसे. दोन्हींत खुर्च्या तेवढ्याच मोडतात, असं तो म्हणे.

"सोनेरी खुर्च्या लग्नाला गेल्यात, बाई," तो म्हणाला. "काळ्या आहेत. चालतील?"

"पोरांना काळं-सोनेरी काय कळतंय, हाजीसाहेब? बसता आलं म्हणजे झालं."

"बसता येतं. काळ्या खुर्चीवरून कुणी पडल्याचं अजून ऐकलं नाही. त्यात बसणारा आधीच पडलेला असतो."

त्याच्या माणसांनी खुर्च्या आणल्या आणि मांडल्या. गल्लीच्या दोन्ही बाजूंना लांब रांगा, तोंडं एकमेकांकडे, मध्ये वाट. काळ्या खुर्च्या दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मांडतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बाईंना ते उलट बरंच वाटलं. मधल्या वाटेवर त्यांनी पुन्हा आकडे आखले. गल्लीच्या तोंडाशी ऊन यायला लागलं, तेव्हा हाजीने आपणहून एक कापड ताणून दिलं. ते रंगीत होतं, पण कोणत्या प्रसंगाचं ते गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

मुलं आली. साहेब येईपर्यंत एकदा तालीम करावी म्हणून बाईंनी खेळ लावला. "बारातून चार गेले!" चौघं उठली आणि भिंतीपाशी मान खाली घालून उभी राहिली. त्यातला जाडा झियाद रडायला लागला. प्रत्येक वेळी पहिला वजा तोच का होतो, हा त्याचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. तो नेहमी रांगेच्या टोकाच्या खुर्चीत बसायचा.

नेमके त्याच वेळी शहाता काका तिथून निघाले होते. पाणीखात्यातून निवृत्त झालेला माणूस. हातात भाजीची पिशवी. त्यांनी काळ्या खुर्च्या पाहिल्या, वरचं कापड पाहिलं, भिंतीपाशी मान खाली घालून उभी पोरं पाहिली, हुंदके देणारा झियाद पाहिला. पिशवी खाली ठेवली, टोपी सारखी केली, बाईंपाशी येऊन छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "गेलेल्याचं राहिलेलं आयुष्य तुम्हाला लागो." आणि मोकळ्या झालेल्या एका खुर्चीवर बसले.

तिकडच्या लोकांचं सांत्वन हे असं हिशेबी असतं. मेलेल्याच्या वजाबाकीत जी बाकी उरते ती जिवंताच्या खात्यात.

"काका, अहो, कुणी गेलं नाहीये," बाई म्हणाल्या.

शहाता काकांनी त्यांच्याकडे फार मायेने पाहिलं. "असंच वाटतं, पोरी. माझा भाऊ गेला तेव्हा मला तिसऱ्या दिवसापर्यंत पटलं नव्हतं. मी त्याचं ताट वाढून ठेवायचो."

"तसं नाही काका, हा वर्ग आहे."

"हो, हो. वर्गच आहे. यात सगळ्यांनाच बसायचंय."

आता एवढ्या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून कसं उठवायचं? बाईंनी विचार केला, दमलेत, बसतील दोन मिनिटं. तेवढ्या दोन मिनिटांत गल्लीतून केशकर्तनवाला गेला. त्याने शहाता काकांना पाहिलं आणि तोही बसला. त्याला पाहून इस्त्रीवाला बसला. इस्त्रीवाला बसला म्हणजे प्रकरण जवळचं आहे, असं समजून समोरच्या इमारतीतले दोघे सदरे बदलून खाली आले.

कोण गेलं, हे एकानेही विचारलं नाही. विचारायचं नसतं. विचारलं म्हणजे खबर आपल्याला सगळ्यांच्या शेवटी लागली, म्हणजे आपण परके, म्हणजे उद्या आपल्या दारी खुर्च्या लागतील तेव्हा याच लोकांना वेळ नसेल. तिथं प्रत्येकाच्या डोक्यात एक वही उघडी असते. अमका माझ्या सासऱ्याच्या वेळी आला होता, तमका तोंड दाखवून गेला. कुणाची का असेना, हजेरी लागली की जमा झाली. वारस नंतर कळतोच.

उम्म रिदाच्या मनात आलं, पुरुष कोरडे बसलेत, हे गल्लीला शोभत नाही. तिने कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात निरोप धाडला. बिनसाखरेची काळी कॉफी आली. पहिल्या घोटाबरोबर दुखवटा रीतसर सुरू झाला.

"उम्म रिदा, तू तरी सांग यांना!" बाई काकुळतीला आल्या. "तू सकाळपासून बघतेयस. तूच खुर्च्यांचं सुचवलंस!"

"मी खुर्च्यांचं सुचवलं, बाई. कशासाठी ते तुम्ही कुठं सांगितलंत?" ती म्हणाली आणि आवाज खाली आणून विचारलं, "हेडसर ना? नाही, म्हटलं, आज दिसले नाहीत."

हेडसर लुत्फी तपासणीच्या दिवशी कधीच दिसत नसत. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब चढायचा आणि तपासनीसांची गाडी पुलापलीकडे गेली की उतरायचा. शाळेत हे सर्वांना माहीत होतं. गल्लीत नव्हतं. गल्लीला एवढंच माहीत होतं की त्यांना रक्तदाब आहे. शाळेच्या भिंतीला लागून दुखवटा, हेडसर गायब, पोरं रडतायत. बेरीज सरळ होती. खुर्च्यांवरून कुजबूज फिरली.

"माणूस कडू होता," शहाता काका केशकर्तनवाल्याला म्हणाले.

"कडू? तीन वर्षं डोकं करून घेतलं माझ्याकडं, एकदा 'देव भलं करो' म्हणाला नाही."

"जाऊ दे. गेला बिचारा. आता गोडच म्हणायचा."

पोरांना मात्र खेळाचं काहीच वावगं वाटत नव्हतं. खुर्च्यांवर मोठी माणसं बसली म्हणजे आपण वजा, एवढा नियम त्यांना पाठ होता. माणूस आला की एक पोर उठायचं आणि भिंतीपाशी जाऊन मान खाली घालायचं. बघता बघता सगळा वर्ग भिंतीला लागला. नव्या येणाऱ्याला दिसायचं ते एवढंच: पहिलीची कच्चीबच्ची, हात बांधलेली, एकही बोलत नाही. बायका गॅलरीतून डोळे पुसू लागल्या.

मग शेख आला. त्याला कुणी बोलावलं ते कळलं नाही. खुर्च्या जिथं, तिथं शेख. त्याने बूड टेकलं, गाल तळहाताला लावला आणि कुराणाचं पठण सुरू केलं. पठण चालू असताना उठून "हा गणिताचा तास आहे हो" असं ओरडणारी बाई झिफ्त्यात जन्मली नव्हती, आणि जन्मली असती तर तिची पहिली तपासणी महल्ल्याच्या भावजयीने केली असती.

पठण थांबलं, बाईंनी श्वास घेतला, आणि गल्लीच्या तोंडाशी हेडसर लुत्फी उभे राहिले.

ते जवळच्याच आपल्या घराच्या गॅलरीत चहा पीत होते. तिथून काळ्या खुर्च्या दिसल्या. रक्तदाब कितीही असला तरी दुखवट्याला न जाणं परवडणारं नव्हतं. त्यांच्या आईच्या वेळी अख्खी गल्ली आली होती. ते ओळीने सगळ्यांचे हात हातात घेत गेले, प्रत्येकाला "राहिलेलं आयुष्य तुम्हाला लागो" म्हणाले, आणि शहाता काकांच्या शेजारी बसले. शहाता काका नकळत एक खुर्ची सरकले.

कॉफीचे पेले हवेतच थांबले. हेडसर नाहीत, मग कोण?

आता तर विचारायची सोयच उरली नाही. अर्धा तास कॉफी पिऊन, गेलेल्याचा कडूपणा माफ करून, वर "कोण हो गेलं?" असं कुठल्या तोंडाने विचारणार? प्रत्येक जण गुपचूप माणसं मोजू लागला. कोण आलंय, कोण नाही. बेकरीवाला? तो बघा येतोय. वजा. दुसऱ्या मजल्यावरची विधवा? गॅलरीत रडतेय. वजा. औषधवाला? स्वतः कॉफी वाटतोय. जो जो आला तो मेलेल्यांच्या यादीतून उठत होता. रावियाबाईंनी सहा महिन्यांत वर्गाकडून एवढी मन लावून केलेली वजाबाकी पाहिली नव्हती.

"सर," त्या हेडसरांच्या कानाशी वाकल्या. "कुणी मेलं नाहीये. हा माझा तास आहे. तपासनीस येतील आत्ता."

हेडसरांनी डोळे न उघडता ऐकलं. मग ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले, "तुम्हाला आता सुचतंय हे? मी सतरा माणसांचे हात हातात घेतलेत. आता उठून काय सांगू, चुकून घेतले?"

"पण सर..."

"गप उभ्या राहा. शेख उठला की लोक आपोआप जातील. तपासनीस काय, दरवर्षी उशिरा येतो."

तपासनीस त्या वर्षी वेळेवर आले.

उस्ताद वग्दी हे बारीक, करडे, दुःखी चेहऱ्याचे गृहस्थ. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून चेहरा तसा झाला होता. गल्लीत शिरताच त्यांनी हातातली पिशवी काखेत दाबली, कोटाची बटणं लावली, ओळीने हात मिळवले आणि बसले. कॉफी घेतली. योग्य तेवढा वेळ मान हलवली. ते झिफ्त्याचे नव्हते, त्यांना ना कुणाची हजेरी ठेवायची होती, ना त्यांची कुणी ठेवणार होतं. त्यांना काम होतं. ते शेजारच्या शहाता काकांकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "माफ करा. सब्रिया अब्देल-मक्सूद..."

आता हे नाव रावियाबाईंचं होतं, पण फक्त सरकारदरबारी. जन्माच्या वेळी बापाने नोंद करायला जाताना आपल्या आईचं नाव घातलं. रावियाबाईंच्या आईचं सासूशी पटत नव्हतं, तिने त्या नावाने पोरीला एकदाही हाक मारली नाही. घरी राविया, दारी राविया, शाळेत रावियाबाई. तिकडे निम्म्या गावाची अशी दोन-दोन नावं असतात, एक हाकेचं आणि एक कागदाचं, आणि कागदाचं नाव शेजाऱ्याला कळतं ते बहुतेक मेल्यावरच.

म्हणून तपासनीसांचं वाक्य अर्धंच राहिलं. शहाता काकांनी एक खोल उसासा टाकला. किती वेळ ते या एका नावासाठी तिष्ठत होते!

"सब्रिया," ते म्हणाले. "देव तिला जवळ करो."

"म्हणजे..." तपासनीसांचा पेला बशीत वाजला. "सब्रिया गेल्या?"

"सब्रिया गेली," शहाता काकांनी उजवीकडे सांगितलं. "सब्रिया," केशकर्तनवाल्याने पुढे दिलं. रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत सैल झाली. पाठी टेकल्या, पाय लांबले, कुणीतरी दुसरी कॉफी मागितली. कोण सब्रिया, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ती कुणाची तरी असणारच. आणि गेली होती हे तर साक्षात सरकारी माणसाच्या तोंडून कळलं होतं.

सहा पावलांवर उभ्या असलेल्या रावियाबाईंच्या कानावर स्वतःसाठीची प्रार्थना पडली. मग मात्र त्यांना राहवेना. शेख, रीत, भावजय, सगळं विसरून त्या मधल्या वाटेत उतरल्या, खडूच्या आकड्यांवर उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "अहो, सब्रिया मीच! मीच ती!"

गल्ली हळहळली.

उम्म रिदा धावत आली आणि तिने बाईंना मिठीत आवळलं. "हो गं माझे बाई, तूच ती! आपण सगळ्याच त्या! आज ती, उद्या आपण!"

"मी जिवंत आहे!"

"तेच तर दुःख आहे, लेकी. मागे राहणाऱ्याचंच दुःख असतं."

"बहीण असावी," तपासनीस घोगऱ्या आवाजात म्हणाले. चारदोन बायका खाली उतरल्या. बाईंना कुणी पाणी पाजलं, कुणी कपाळावर थंड हात ठेवला, कुणी म्हणालं घरात न्या, इथं पुरुष आहेत. त्यांना उचलूनच पावट्यांच्या गाडीमागे नेऊन बसवलं. तिथून त्यांनी हेडसरांकडे हात केला. हेडसर पाहत होते. त्यांना सब्रिया कोण हे माहीत होतं. पगारपत्रकावर त्यांचीच सही असे. पण तपासनीसांनी आपल्याला दुखवट्यात बसलेलं पाहिलंय, आता दुखवटा खोटा ठरला तर रजेचा रक्तदाबही खोटा ठरेल, एवढं त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि शेखला खूण केली. पठण पुन्हा सुरू झालं.

तपासनीस जायला उठले. जाता जाता भिंतीपाशी थांबले. एवढी पोरं, एकही हलत नव्हतं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. ते गुडघ्यावर बसले.

"काय करताय बाळांनो?"

"आम्ही वजा झालोय," झियाद म्हणाला.

"कशातून?"

"बारातून. आधी आम्ही चौघं गेलो, आठ उरले. मग तेही गेले."

"आणि आता काय उरलं?"

झियादने रिकाम्या वाटेकडे पाहिलं, जिथं त्याच्या बाई मघाशी उभ्या होत्या. "आता काहीच नाही उरलं," तो म्हणाला, आणि उत्तर बरोबर होतं.

तपासनीसांना रुमाल काढावा लागला.

त्यांचा अहवाल आठवड्याने जिल्ह्याच्या कचेरीत पोहोचला. रावियाबाई तोवर दोनदा तिथं जाऊन आल्या होत्या. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने अहवाल त्यांना वाचून दाखवला. इतका सुंदर अहवाल त्या कचेरीत आजवर आला नव्हता. दिवंगत शिक्षिकेने मुलांना गणित नुसतं शिकवलं नाही, तर त्यांच्या अंगात मुरवलं. दुःखाच्या क्षणीही ती बाळं आपापल्या जागी उभी राहून अचूक हिशेब देत होती. शेरा: सर्वोत्कृष्ट. शेवटी: सेवा मृत्यूमुळे समाप्त.

"पण मी जिवंत आहे," बाई म्हणाल्या. "हे बघा माझं ओळखपत्र. हा फोटो, ही मी."

कारकुनाने ओळखपत्र पाहिलं, बाईंना पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "दिसतंय मला, बाई. पण तुमच्याकडे कार्ड आहे आणि साहेब स्वतः कॉफी पिऊन आलेत. कशाला जास्त मानायचं?"

"त्यांना सांगा ना चूक झाली म्हणून."

"काय सांगू? की साहेब, तुम्ही कुणी न मेलेल्या दुखवट्यात बसलात, रडलात आणि तसं लिहून दिलंत? माझी अजून नऊ वर्षं नोकरी आहे." त्याने आवाज खाली आणला. "एक सांगू का? जिवंत राहिल्या असतात तर असा शेरा मिळाला नसता. हंगामीवाले सगळे काढले यंदा, चालतेबोलते. तुमची तेवढी जागा राखून ठेवलीय. 'दिवंगत शिक्षिकेची पद्धत पुढे चालू ठेवावी' असा साहेबांचा आग्रह आहे. तुमच्या जागी कुणीतरी लागणार."

ते कुणीतरी हेडसरांनाच शोधावं लागलं. ती पद्धत शाळेत दुसऱ्या कुणाला येत नव्हती, आणि दुसऱ्या कुणाला आणलं असतं तर त्या दिवशीचं सगळं उकरलं गेलं असतं. त्यांनी रावियाबाईंना रोजंदारीवर घेतलं, हाकेच्या नावावर. पगार पहिल्यापेक्षा कमी होता, कारण नवा माणूस म्हणून अनुभव शून्य धरला. पण महल्ल्याला जायचं टळलं. आईला बाईंनी एवढंच सांगितलं की नोकरी राहिली. आजीचं नाव अखेर कागदावरूनही गेलं, हे सांगितलं असतं तर आईने मिठाई वाटली असती.

शरदात वर्गाच्या दारावर कचेरीकडून एक फळी आली. तिच्यावर सब्रिया अब्देल-मक्सूद हे नाव आणि देवाने तिच्यावर दया करावी असं कोरलेलं होतं. रोज सकाळी बाई तिच्याखालून आत जात. पहिल्या दिवशी मान खाली घातली गेली, मग तशी सवयच झाली.

हिवाळ्याच्या तोंडावर उस्ताद वग्दी पुन्हा आले. पटांगण त्या दिवशी कोरडं होतं. रावियाबाईंनी जिवाचं रान केलं. पोरांनी बेरजेला उड्या मारल्या, वजाबाकीला रांगा सोडल्या, दुपटीला हात धरून गोल केले, आणि एकही उत्तर चुकलं नाही. झियाद आता दुसरीत होता, तरी खिडकीतून ओरडून सांगत होता.

तपासनीसांनी अखेरपर्यंत पाहिलं. मग ते जवळ आले. बाईंना त्यांनी ओळखलं होतं. आवाजात माया होती.

"तुम्ही त्यांच्या बहीण ना? चांगलं करताय. मेहनत दिसते." त्यांनी दारावरच्या फळीकडे पाहिलं आणि मान हलवली. "पण राग मानू नका, त्यांची सर नाही. त्यांच्या मुलांत एक वेगळीच शांतता होती."

त्यांनी शेरा लिहिला: मध्यम.

"नाही साहेब, राग कसला," रावियाबाई म्हणाल्या. "तिची सर कुणालाच यायची नाही."

आणि त्या वर्गाकडे वळल्या, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्या सब्रियाचा हेवा वाटला.